कारकीर्द, आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूची (खानदेश)

देशाच्या संघातून अधिकृत सामने खेळणाऱ्या आणि त्यावरच उपजीविका करणाऱ्या खेळाडूचा क्रीडाकाल. भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर, पहिला एकदिवसीय सामना १९७४ मध्ये लीड्सला आणि पहिला टी-ट्वेंटी सामना १ डिसेंबर २००६ रोजी जोहान्सबर्गला झाला. खानदेशच्या दृष्टीने या कारकिर्दीची आधीची चढण, म्हणजे जिल्हा निवड ते रणजी, जास्त महत्त्वाची असल्याने येथे तिच्यावरच भर दिला आहे.

कारकीर्द कोठून मोजावी, हा वाद जुना आहे. संदर्भग्रंथ सामान्यतः पहिल्या प्रथम श्रेणी सामन्यापासून मोजतात. पण प्रथम श्रेणी म्हणजे काय, हे आंतरराष्ट्रीय पातळीवर १९४७ मध्येच ठरले : प्रत्येकी अकरा खेळाडू आणि किमान तीन दिवसांचा खेळ. ही व्याख्या मागील सामन्यांना लागू नसल्याने आकडेतज्ज्ञांचे फावले. रॉय वेबर यांनी १८६४ ही आरंभरेषा धरली, बिल फ्रिंडल यांनी १८१५. काही याद्या थेट १७७२ पर्यंत जातात. लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने प्रथम श्रेणी कोणाला म्हणावे याविषयी १८९४ मध्ये घेतलेला आणि पुढील मोसमापासून लागू झालेला निर्णय हाच त्यातल्या त्यात भक्कम आधार वाटतो, कारण तो त्या काळातच झालेला आहे, मागाहून लादलेला नाही. भारतात ऑगस्ट १८९२ मधील मुंबईचा युरोपियन-पारशी सामना पहिला प्रथम श्रेणी सामना मानण्याचा प्रघात आहे.

खानदेशातील खेळाडूवर या वादाचा परिणाम असा, की जिल्ह्याकडून, क्लबकडून किंवा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निमंत्रित साखळीत त्याने काढलेली शतके त्याच्या अधिकृत आकड्यांत येतच नाहीत. दहा वर्षे खेळूनही पुस्तकात त्याची कारकीर्द सुरू झालेली नसते. हे नियमाला धरून असले, तरी न्याय्य म्हणवत नाही.

दुसरी गुंतागुंत हद्दीची. राज्यातून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकात उतरतात. जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे आहेत. पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असल्याने तेथील मुलगा निवडीसाठी इंदूरकडे पाहतो. मालेगाव १८६९ पर्यंत खानदेशातच होते, आता ते नाशिककडे मोडते. त्यामुळे ‘खानदेशचा खेळाडू’ म्हणून कोणाला गणावे, यावर एकमत नाही. सध्याचे तीन जिल्हे धरणे सोयीचे. नंदुरबारहून सुरत कितीतरी जवळ, तरी निवड चाचणीसाठी पुण्याचीच वाट धरावी लागते.

बहुतेकांची सुरुवात टेनिस बॉलवर, पीक निघालेल्या रिकाम्या रानात होते. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, नंतर येतो आणि तोही बहुधा मॅटवर. काथ्याची मॅट चारी बाजूंनी ताणून खिळ्यांनी ठोकतात. कडेला सुरकुती राहिली, की तेथे पडलेला चेंडू छातीपर्यंत उसळतो. मॅटवर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, रबरी तळव्याचे लागतात. तापीकाठच्या काळ्या मातीची टर्फ विकेट (मॅटविना, मातीचीच खेळपट्टी) पाणी व रोलर मिळाल्यास उत्तम होते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला, की दुपारचा खेळ बंदच. मॅटवर घडलेला फलंदाज मागच्या पायावर पक्का असतो. टर्फवरच्या संथ फिरकीपुढे मात्र त्याची तारांबळ उडते.

पुढे वयाचा प्रश्न. १६ वर्षांखालील गटात भारतीय क्रिकेट नियामक मंडळ जन्मदाखल्यावर विसंबत नाही, डाव्या मनगटाचा क्ष-किरण काढून हाडांचे वय ठरवते.

उपजीविकेचा आधार दीर्घकाळ नोकरीचा होता. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने क्रीडा कोट्यातून मिळणारी रेल्वेची नोकरी या भागात परिचित आहे. रेल्वेच्या संघाने २००१-०२ व २००४-०५ मध्ये रणजी जिंकली. जळगावच्या जैन इरिगेशनचा संघ मुंबईच्या टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या संघांच्या स्पर्धेत उतरत आला आहे. आता रणजीत अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये आणि कसोटीला १५ लाख रुपये मानधन मिळते. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या मोसमात (२०२३) सहा संघ होते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या नावाचे. खानदेशचा एकही नाही.

महिलांचा पहिला कसोटी सामना भारत १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूर येथे खेळला. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन पुरुषांइतके करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला.