वास नाही म्हणजे गॅस नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कंटेनरचं दार उघडलं की जुने हमाल आधी नाक पुढं करतात. "वास मारत न्हाई, चढा रं." ही परीक्षा वर्षानुवर्षं चालत आली आहे, आणि ती चुकीची आहे.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला कीड लागू नये म्हणून कंटेनरमध्ये धुरी देतात. त्यासाठीचा मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू रंगहीन असतो आणि घातक प्रमाणातही त्याचा वास जवळजवळ येत नाही. हवेपेक्षा तो तिप्पट जड, त्यामुळे तळाशी, खोक्यांच्या फटीत साचून राहतो. पुठ्ठा आणि फोम तो शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडतात. म्हणून सकाळी निर्धोक वाटलेला कंटेनर दार लावून ठेवला की दुपारी पुन्हा धोक्याचा होऊ शकतो. डोकेदुखी, चक्कर कधीकधी काही तासांनी सुरू होते, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. मग दोष उन्हाला!

खरी परीक्षा एकच: दाराच्या रबरी पट्टीतून नळी आत सारून, बाहेर उभं राहून मीटरनं गॅस मोजणं. मग दोन्ही दारं सताड उघडायची, थांबायचं, पुन्हा मोजायचं.

हाच वायू ओझोनचा थरही विरवतो. मॉन्ट्रियल करारानं त्याचा इतर वापर आवळला, पण निर्यातपूर्व धुरीला सूट राहिली. आपल्या फाउंड्रीवाल्यांना मात्र पर्याय आहे. कास्टिंगच्या लाकडी पॅलेटवर 'एमबी'ऐवजी (म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी) 'एचटी' शिक्का घ्यायचा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं.