बोंबील ओ देत नाही

मुंबईजवळच्या उत्तनच्या बंदरात उतरलेल्या बोंबलाच्या पाट्या मोजता येतात. समुद्रात मागे किती बोंबील उरला, ते त्या पाट्या सांगत नाहीत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था किनाऱ्यावरच्या बंदरांत नमुना पद्धतीने मासळीची नोंद ठेवते आणि ती नोंद मोलाचीच आहे. पण बोटी आणखी लांब जाऊ लागल्या, जाळी वाढली, की साठा आटत असतानाही उतरलेल्या मासळीचा आकडा चढू शकतो. म्हणून जाळ्यावर न विसंबणारी दुसरी मोजणी हवी, असं मला मनापासून वाटतं. जगात अनेक ठिकाणी ती आवाजाने करतात.

बोटीच्या तळाशी बसवलेलं यंत्र आवाजाचा छोटासा ठोका खाली सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, त्यामुळे प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून मासा किती खोल आहे ते कळतं. आपल्या गढूळ पाण्यात उजेड फार आत शिरत नाही; आवाजाला गाळाची तेवढी अडचण होत नाही. १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या समुद्रातल्या कॉड माशांचे थर अशा यंत्राच्या कागदी पट्टीवर उमटलेले दाखवले होते. आज कितीतरी तांडेलांच्या, म्हणजे मासेमारी बोटींच्या प्रमुखांच्या, पुढ्यात फिश फाइंडरचा पडदा असतो.

पण मासा आहे हे दिसणं वेगळं आणि किती आहे हे मोजणं वेगळं. पोत्यातले दाणे कोणी एकेक मोजत नाही. पोत्याच्या वजनाला एका दाण्याच्या वजनाने भागलं की झालं. सर्वेक्षणातही ठरावीक समांतर रेषांवर बोट चालवून आलेल्या प्रतिध्वनींची बेरीज करतात आणि तिला एका माशाच्या प्रतिध्वनीने भागतात. सगळी मेख त्या ‘एका माशा’त आहे. त्याचा प्रतिध्वनी डेसिबलमध्ये मोजतात, आणि त्या आकड्यात फक्त ३ डेसिबलची चूक झाली तरी माशांची संख्या दुप्पट किंवा निम्मी निघते. म्हणूनच सर्वेक्षणाआधी टंगस्टन कार्बाइडचा एक छोटा गोळा दोरीने यंत्राखाली टांगून यंत्र तपासून घेतात. त्या गोळ्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा, ते आधीच नेमकं ठाऊक असतं.

आता मासा ओ देतो तो कशाने? ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यांच्या प्रतिध्वनीचा बहुतेक भाग त्या पिशवीतूनच येतो. मांस जवळपास पाण्याइतकंच घट्ट, त्यामुळे आवाज त्यातून सरळ पार होतो. हवेवर मात्र तो जोरात आपटून परततो. घोळीचा बोत, ज्याला बाजारात एवढा भाव मिळतो, तो म्हणजे हीच पिशवी. घोळ, ढोमा हे मासे यंत्राला चांगले ऐकू येतात. सुरमईला ही पिशवी नसते, मुशीला नसते. आणि बोंबलालाही नसते. त्यात बोंबलाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. आपल्या किनाऱ्याचा हा लाडका मासा यंत्राखालून गेला तरी फार क्षीण उत्तर देतो, आणि पिशवीवाले चार मासे शेजारी असले तर त्यांच्या गोंगाटात तो हरवून जातो. परदेशी पुस्तकातलं गणित उचलून इथे लावलं, तर बोंबील नाहीच असा निष्कर्ष निघायचा.

ठाण्याच्या खाडीत अडचण वेगळी आहे. यंत्राचा झोत साधारण ७ अंशांचा धरला तर १०० मीटर खोलीवर तो बारा मीटर रुंद होतो, पण ५ मीटर खोलीवर जेमतेम साठ सेंटीमीटर. त्यात आवाजाचा ठोका एक सहस्रांश सेकंदाचा असेल तर तळापासून पाऊण मीटरच्या आतले मासे तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातात. म्हणजे ओहोटीला उथळ खाडीतलं बरंचसं पाणी नीट ऐकू येणार नाही. बोटीच्या आवाजाने मासे बाजूला पळतात ते निराळंच. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांची तर या पद्धतीने मोजदाद होणारच नाही.

तरी हात टेकायचं कारण नाही. कंप्रता वेगवेगळ्या वापरल्या तर फरक दिसतो: ३८ किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे चार सेंटीमीटरची, २०० किलोहर्ट्झची पाऊण सेंटीमीटरची. पिशवीवाला मासा, बिनपिशवीचा मासा आणि जवळ्यासारखा बारीक जीव या लहरींना सारखंच उत्तर देत नाहीत. शिवाय प्रतिध्वनी कोणाचा हे ठरवायला कुठल्याही सर्वेक्षणात जाळं टाकून नमुना घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी मोठी जहाजं खर्चिक ट्रॉल, म्हणजे मागून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. आपल्याकडे डोल जाळी आहे. ती एका जागी रोवलेली असते, भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते आणि ज्या पाण्यातून बोंबील जातो त्याच पाण्यात उभी असते. तिच्या शेजारी समुद्राच्या तळावर, वर तोंड करून एक यंत्र ठेवावं. असं तळावरून वर ऐकणं इतरत्र रुळलेलं आहे, आणि त्यात बोटीचा आवाजही नसतो. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी), दोन्ही काळांत डोलीतून निघालेला बोंबील, ढोमा, जवळा वेगळा करून, लांबी मोजून, त्याच वेळच्या प्रतिध्वनीशी ताडून पाहावा. त्यातून इथल्या बोंबलाचा ‘एका माशाचा’ आकडा हाती येईल, आणि तो ठरवताना डोलीवरच्या तांडेलाचं ज्ञान यंत्राइतकंच लागेल.