ट्रेसराउट

ट्रेसराउट : आपल्या संगणकावरून निघालेली पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) मुक्कामाला पोचेपर्यंत कोणकोणत्या राउटरमधून (पॅकेट पुढे धाडणाऱ्या उपकरणांमधून) जातात, ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी, लेखी आज्ञा देऊन चालवायची (कमांड-लाइन) आज्ञावली. स्टीव्ह डीअरिंग यांनी सुचवलेल्या कल्पनेवरून व्हॅन जेकबसन यांनी ती १९८७ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिली. विंडोजवर हीच सोय ‘ट्रेसर्ट’ नावाने मिळते.

आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) पॅकेटमध्ये वाट नोंदवण्याचा एक अधिकृत पर्याय आहे, पण त्यात फार तर ९ पत्ते मावतात आणि पुष्कळ राउटर त्याला जुमानत नाहीत. ट्रेसराउटने त्यासाठी आडवाट काढली. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल (टाइम टु लिव्ह) हा उरलेल्या टप्प्यांचा आकडा असतो. दर राउटर तो एकाने घटवतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि तसे पाठवणाऱ्याला कळवतो. वाट चुकलेली पॅकेट जाळ्यात कायमची घिरट्या घालत राहू नयेत, एवढाच यामागचा हेतू. ट्रेसराउट मुद्दाम टीटीएल १ ठेवून पॅकेट पाठवते, मग २, मग ३. प्रत्येक पॅकेट एकेक टप्पा पुढे जाऊन मरते आणि जिथे मेले तिथल्या राउटरचा पत्ता निरोपातून हाती येतो. मूळ आज्ञावली यूडीपी या साध्या पद्धतीची पॅकेट मुक्कामाच्या संगणकावरील ३३४३४ पासूनच्या पोर्टांवर (क्रमांक दिलेल्या दारांवर) पाठवते. तिथे सहसा कोणी ऐकत नसते, त्यामुळे ‘पोर्ट उपलब्ध नाही’ असे उत्तर आले की मुक्काम आला असे समजते. ट्रेसर्ट मात्र पिंगचीच (संगणक उत्तर देतो का ते पाहणाऱ्या आज्ञावलीची) विनंती वापरते. म्हणून काही प्रकारची पॅकेट अडवणारी फायरवॉल वाटेत असेल तर एकाच वाटेवर दोघींची उत्तरे वेगळी येऊ शकतात.

दर टप्प्यासमोर सहसा जाऊन यायला लागलेल्या वेळेचे तीन आकडे मिलिसेकंदांत छापलेले असतात. उत्तर आले नाही तर चांदणी (*). चांदण्या पाहून नवखे घाबरतात, पण पुढचे टप्पे नीट दिसत असतील तर बहुधा बिघाड काहीच नसतो; त्या राउटरने उत्तर देणे टाळलेले असते. मधल्याच एका टप्प्याचा फुगलेला आकडाही असाच फसवा. राउटर आधी पॅकेट पुढे धाडतो, अशी उत्तरे सवडीने देतो. उशीर त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकला तरच दखल घ्यावी.

फायबरमधून (काचेच्या तंतूतून) प्रकाशाला १,००० किमी जाऊन यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे या आकड्यांवरून अंतराचाही अंदाज येतो. भारतातल्या भारतातली वाहतूक परदेशी वळसा घालून परत येई, तो प्रकार अशा यादीत उघडा पडे. तो टाळण्यासाठीच २००३ मध्ये ‘निक्सी’ ही देशी इंटरनेट विनिमय संस्था स्थापन झाली.

ट्रेसराउटला दिसते ती फक्त जाण्याची वाट. उत्तरे भलत्याच मार्गाने परतत असू शकतात आणि अडचण तिथेच असली तरी यादीत दोष दिसतो जाण्याच्या वाटेवर. म्हणून जाणकार अभियंते तक्रारीसोबत दोन्ही टोकांकडून काढलेला ट्रेसराउट मागतात.