‘कोलेस्टेरॉल-फ्री’ तेल म्हणजे हृदयाला चांगलं तेल?

तेलाच्या बाटलीवर लाल हृदयाचं चित्र, शेजारी ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल-फ्री’. एवढं वाचून वर्षानुवर्षं लोक निर्धास्तपणे तेल निवडत आलेत. दावा खोटा नाही, पण त्यात विशेषही काही नाही. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. वनस्पतींच्या तेलात ते जवळजवळ नसतंच, तेल कुठल्याही कंपनीचं असो.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. खरी मेख आहे ती संपृक्त मेदात, म्हणजे ‘सॅच्युरेटेड फॅट’मध्ये. तो आहारात वाढला की रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं आणि ते रक्तात वाढत जातं. पाम तेलात जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. खोबरेल तेलात तर ८० टक्क्यांहून जास्त, म्हणजे लोण्यापेक्षाही अधिक! तरी कोलेस्टेरॉल मात्र दोन्हींत जवळजवळ नसतंच.

तेव्हा बाटली फिरवा आणि मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे संपृक्त मेद किती, हा आकडा बघायचा. सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन, ऑलिव्ह यांत तो साधारण १० ते १६ ग्रॅमच्या घरात असतो. कॅलरी मात्र सगळ्यांत सारख्याच, ग्रॅमला ९. त्यामुळे ‘चांगलं’ तेलही हात सैल सोडून ओतू नये. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ असं दिसलं, तर त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक असा मेद, असणारच. तो डबा सरळ फळीवर परत ठेवा.