एक शब्द ‘स्टेंट’, वस्तू तीन

ठाणे स्टेशनाहून तलावपाळीकडे चालताना जांभळी नाक्याशी कुल्ल्यात आणि मांडीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो. हा माणूस आधी हाडांच्या डॉक्टरकडे पोचतो, कारण घरी निदान ठरलेलंच असतं : नस दबली. मराठीत नस म्हणजे मज्जातंतूही, शीरही, धमनीही. दबलेल्या नसेला बसावं किंवा वाकावं लागतं. बंद नसेला, म्हणजे धमनीला, नुसतं उभं राहणं पुरतं. जांघेत नाडी लागत नाही, मग सीटी स्कॅन होतो आणि बेंबीपाशी महाधमनी दुभंगून पायांकडे निघते तिथल्या आयलियाक धमनीत अडथळा सापडतो. डॉक्टर म्हणतात, स्टेंट टाकू, म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी. घोळ इथून सुरू होतो.

महाधमनीवरच्या शस्त्रक्रियेचा जुना इतिहास थोडक्यात. 1817 मध्ये लंडनला महाधमनी दोऱ्याने बांधून बंद करून पाहिली गेली, रुग्ण वाचला नाही. 1950-51 मध्ये पॅरिसला एका रुग्णात बंद पडलेला, दुसऱ्यात फुगलेला भाग काढून मृतदेहातली धमनी जोडली. पुढे तिची जागा डॅक्रॉनच्या कापडी नळीने घेतली. पोट उघडून केलेलं हे काम आजही टिकाऊपणात मागे नाही.

1964 मध्ये अमेरिकेत पायातली अरुंद धमनी कॅथेटरने, म्हणजे बारीक लवचीक नळीने, आतून रुंद केली गेली, दहा वर्षांनी त्याच कामासाठी फुगा आला आणि 1991 मध्ये आयलियाक धमनीसाठीच्या जाळीला तिथे परवानगी मिळाली. त्याच सुमारास, 1990 मध्ये, ब्युनोस आयर्सला फुगलेल्या महाधमनीत जांघेतून कापड लावलेली जाळी सरकवली गेली. हा स्टेंट-ग्राफ्ट. आताचा पायजम्यासारखा असतो : कंबर आणि एक पाय आधी, दुसरा पाय आत जाऊन जोडायचा. आयलियाकचा स्टेंट अडथळा उघडा ठेवतो. स्टेंट-ग्राफ्ट फुगवटा फुटू नये म्हणून त्याला रक्तापासून तोडतो. कामं उलटी, नाव मात्र एकच, आणि तेच नाव हृदयाच्या स्टेंटचंही.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला छत घातलं : साधा 7,260 रुपये, औषधी लेपाचा 29,600, कर वेगळा. आदेश फक्त हृदयाच्या स्टेंटपुरता होता. बातम्यांचे मथळे मात्र ‘स्टेंट स्वस्त’ एवढंच म्हणाले. मग पायाच्या किंवा पोटाच्या स्टेंटचं बिल हातात आलं की नातेवाईक मोबाइलवर जुनी बातमी काढून काउंटरवर धरतात, पलीकडचा माणूस ‘तो वेगळा, हा वेगळा’ म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. काही कंपन्यांनी तेव्हा आपले महागडे स्टेंट मागे घेण्याची परवानगी मागितली होती. दर पाडले की नवं तंत्र येत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नव्हता. पण हृदयाला छत आणि पायाला ऊन, याचं पटण्याजोगं कारण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

महाधमनीच्या फुगवट्याबाबत पुरुषांमध्ये साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंदीनंतर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत पहिल्या 30 दिवसांतले मृत्यू उघड्या शस्त्रक्रियेत 4.7 टक्के, स्टेंट-ग्राफ्टमध्ये 1.7 टक्के होते. आठ वर्षांनंतर पारडं फिरलं. कापडाच्या कडेने रक्त झिरपून फुगवटा पुन्हा भरत होता, फुटतही होता. म्हणून तिथल्या उपचार-मार्गदर्शिकेच्या 2018 च्या मसुद्याने न फुटलेल्या फुगवट्यासाठी स्टेंट-ग्राफ्ट देऊच नका असं सुचवलं. गदारोळ झाला आणि 2020 च्या अंतिम मजकुरात भाषा सौम्य झाली : पोट उघडणं झेपणार नाही अशांसाठी वाट उरली.

आपल्याकडे जांघेतल्या छोट्या छेदाचं आणि तिसऱ्या दिवशी घरी जाण्याचं कौतुक फार. झिरपणं शोधायला वर्षानुवर्षं सोनोग्राफी किंवा सीटी करत राहावा लागतो. काउंटरवर स्टेंटच्या किमतीवरून भांडणारे त्या सीटीचा खर्च विचारताना मला अजून दिसलेले नाहीत.