चेरीच्या मुळांची भीती कुठून आली?

चेरीची मुळं घराचा पाया उचलतात किंवा ढकलतात, अशी भीती अनेकांना असते. मग हे झाड घरापासून किती लांब असावं, असं विचारलं की उत्तरात बहुधा एक आकडा येतो: ११ मीटर. कुणी सहा-सात मीटर सांगतं, तर कुणी झाडाच्या उंचीइतकं अंतर ठेवा म्हणतं. हे आकडे कुणी मनाने ठरवलेले नाहीत. त्यांच्यामागे ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुख्यतः आग्नेय इंग्लंडमधल्या एका विशिष्ट मातीवर घडला आहे. ती माती विसरून नुसता आकडा उचलला, तर निरुपद्रवी झाडावर कुऱ्हाड पडते आणि जिथे खरा धोका आहे तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

ती माती म्हणजे लंडन शहराखालची ‘लंडन क्ले’. ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. झाड उन्हाळाभर पानांवाटे पाणी हवेत सोडत असतं आणि ते मुळांनी जमिनीतून ओढून घेतलेलं असतं. मुळं पायाखालपर्यंत पोचली असतील, तर तिथली माती कोरडी होऊन बसते आणि घराचा तो कोपरा तिच्याबरोबर खाली जातो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते, बहुधा वर रुंद आणि खाली निमुळती.

म्हणजे मुळं पाया ढकलत नाहीत, पायाखालचं पाणी पितात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. जाड होत जाणारं मूळ फरशी उचलू शकतं, बागेतली हलकी भिंत कलवू शकतं. पण ज्याच्यावर अख्ख्या घराचा भार आहे असा पाया ते सहसा हलवू शकत नाही. तिथे ते चपटं होतं किंवा वळसा घालून पुढे जातं. वाळूमिश्रित किंवा मुरमाड जमीन वाळली तरी आकसत नाही, त्यामुळे तिथे मुळांनी कितीही पाणी प्यायलं तरी पाया असा खचत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये सुमारे ४० लाख घरं बांधली गेली. लंडनभोवतीची उपनगरं याच चिकणमातीवर पसरली आणि पाये मात्र बरेचदा जेमतेम अर्धा मीटर खोल होते. आडोसा लवकर मिळावा म्हणून लोकांनी पॉप्लर नावाची भराभर वाढणारी उंच झाडं लावली. १९४० साली लोम्बार्डी पॉप्लरच्या मुळांमुळे घरांचं नुकसान झाल्याचा एक खटला इंग्लंडच्या न्यायालयात गाजला आणि झाडाच्या मालकावर जबाबदारी आली. १९४७चा उन्हाळा कोरडा गेला. त्याच सुमारास ‘बिल्डिंग रिसर्च स्टेशन’ या सरकारी संशोधन संस्थेचे डब्ल्यू. एच. वॉर्ड यांनी उथळ पाये आणि झपाट्याने वाढणारी झाडं यांच्यावर लिहिलं. झाड घरापासून निदान स्वतःच्या उंचीइतकं दूर असावं, हा ढोबळ नियम त्या लिखाणातून रूढ झाला. १९५४ साली मृदा-अभियांत्रिकीतले मोठे नाव ए. डब्ल्यू. स्केम्पटन यांनी पॉप्लरमुळे खचलेल्या एका पायाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्या चर्चेत पॉप्लर होता, पुढे एल्म आला. चेरीचं नाव कुठेच ठळक नव्हतं.

चेरी आली ती फुलांच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी चेरीच्या जातींचं इंग्लंडला वेड लागलं. केंट परगण्यातल्या बेनेन्डनचे कॉलिंगवूड इन्ग्राम यांनी तर त्यासाठी आयुष्य वेचलं. जपानमधून नाहीशी झालेली ‘ताइहाकू’ ही पांढरीशुभ्र चेरी त्यांना ससेक्समधल्या एका बागेत सापडली आणि त्यांच्यामुळे ती परत जपानला पोचली. उपनगरांमध्ये मात्र गडद गुलाबी ‘कान्झान’ घरोघरी दिसू लागली. झाड आटोपशीर, बहर डोळ्यांत भरणारा, त्यामुळे ते दारासमोरच्या छोट्या बागेत, भिंतीला लागूनच लावलं गेलं. पॉप्लर निदान कुंपणाच्या कडेला तरी असायचा.

या झाडांची एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शोभेच्या चेरी बहुतेक वेळा युरोपातल्या जंगली चेरीच्या खुंटावर कलम करतात. फुलं जपानी असली तरी जमिनीखालचं झाड जंगली असतं. त्याची मुळं पृष्ठभागालगत लांबवर पसरतात, हिरवळीत उघडी पडतात, फरशा उचलतात आणि ठिकठिकाणी फुटवे काढतात. चेरीविषयीच्या तक्रारी बहुतेक अशाच असतात. अंगणात मनगटाएवढं मूळ वर आलेलं दिसलं की ‘हे आत घरालाही असंच उचलत असणार’ असं वाटणं स्वाभाविक आहे. ती भीती मी समजू शकतो. पण वर दिसणारं मूळ आणि पायाखालची कोरडी होणारी माती, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

मग १९७१ उजाडलं. ब्रिटिश विमा कंपन्यांनी घराच्या पॉलिसीत जमीन खचण्यापासूनचं संरक्षण द्यायला सुरुवात केली. पाचच वर्षांनी, १९७५-७६ मध्ये, न भूतो असा दुष्काळ पडला. हजारो घरांना भेगा गेल्या, दावे दाखल झाले आणि प्रत्येक दाव्यात ‘कोणत्या झाडामुळे?’ हा प्रश्न पैशांचा झाला.

त्याचं उत्तर शोधण्याचं काम लंडनमधल्या क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानाने आधीच हाती घेतलं होतं. १९७१ ते १९७९ या काळात तिथे मुळांमुळे झालेल्या नुकसानीच्या नोंदी गोळा झाल्या. डी. एफ. कटलर आणि आय. बी. के. रिचर्डसन यांनी १९८१ साली त्या पुस्तकरूपात मांडल्या. प्रत्येक झाडासाठी, नुकसान झालेली इमारत त्याच्यापासून जास्तीत जास्त किती लांब होती, हे त्यात दिलं होतं. विलोसाठी ४० मीटर, ओक आणि पॉप्लरसाठी ३० आणि चेरीच्या गटासाठी ११.

हाच तो आकडा. पण तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, या नोंदी नुकसान झालेल्या घरांच्या होत्या. शेजारी चेरी असूनही ज्यांना काहीच झालं नाही, ती घरं यात मोजलेलीच नाहीत. दुसरं, या घरांपैकी बहुतेक आकसणाऱ्या चिकणमातीवर होती. आणि तिसरं, गटाचं नाव चेरीचं वाटलं तरी त्यात आलुबुखाराही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ तपासलं तर बहुधा ‘प्रुनस’ या वंशापर्यंतच ओळख पटते, त्यातली जात सांगता येत नाही. शिवाय ११ मीटर हे सगळ्यात लांबचं एक टोक आहे, बाकीच्या नोंदी त्याहून जवळच्या आहेत. त्याला ‘सुरक्षित अंतर’ म्हणणं चूक, आणि ‘त्याच्या आत आलं की धोका नक्की’ म्हणणं त्याहून मोठी चूक.

नव्या घरांसाठी पुढे वेगळी पद्धत रूढ झाली. नव्या घरांच्या बांधकामाचे निकष ठरवणारी ब्रिटनची ‘नॅशनल हाउस बिल्डिंग कौन्सिल’ झाडांची पाण्याची गरज जास्त, मध्यम किंवा कमी अशी ठरवते. चेरी मध्यम गटात आहे. या गटात झाडाचा प्रभाव पूर्ण वाढीच्या उंचीच्या पाऊणपट अंतरापर्यंत धरतात. जपानी चेरीची उंची ९ मीटर धरली तर ६.७५ मीटर, जंगली चेरीची १७ धरली तर १२.७५. त्या कक्षेत घर बांधू नये असं त्यात म्हटलेलं नाही, पाया खोल न्यावा एवढंच सांगितलं आहे. फार आकसणाऱ्या मातीत झाड जवळ नसलं तरी पाया निदान १ मीटर खोल लागतो. १९८३ साली पी. जी. बिडल यांनी चिकणमातीवरच्या झाडांभोवतीचा ओलावा प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केला. एकाच जातीची दोन झाडंही माती किती वेगवेगळी वाळवतात, हे त्यातून दिसलं.

झाड तोडणं हाही दरवेळी उपाय नसतो. घराच्या आधीपासून असलेलं मोठं झाड तोडलं, तर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती हळूहळू पाणी घेऊन फुगते आणि घर वर उचलायला लागते. चेरी बहुतेक वेळा घरानंतर लावलेली असते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा धोका कमी, पण आधी झाड की आधी घर, हे विचारल्याशिवाय करवत हातात घेऊ नये. जुन्या ड्रेनेजच्या पाइपांत मुळं शिरतात ती सांधे आधीच गळत असतील तर, तेव्हा तिथे सांधे दुरुस्त करणं हेच पहिलं काम.

कायदाही या वाटेने पुढे सरकला. २००१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या एका इमारतीच्या खटल्यात, पाया खालून मजबूत करण्याचा सुमारे ५ लाख ७० हजार पौंडांचा खर्च नगरपरिषदेवर टाकला. झाड चेरीचं नव्हे, ‘प्लेन’ नावाच्या वृक्षाचं होतं, पण निकालातला एक मुद्दा सगळ्याच झाडांना लागू पडतो. झाडाच्या मालकाला सूचना देऊन उपाय करायला वाजवी संधी मिळायला हवी.

आता जाणकार अभियंता अंतर मोजायच्या आधी खड्डा खणून पायाची खोली आणि माती पाहतो. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा ठोकून वर्षभर मोजमाप घेतो. भेग उन्हाळ्याअखेरीस रुंदावली आणि हिवाळ्याच्या पावसानंतर मिटत आली, तर माती ऋतूप्रमाणे आकसते-फुगते आहे आणि चेरीवरचा संशय खरा ठरू शकतो. भेग बारा महिने तशीच राहिली किंवा एकाच दिशेने वाढत गेली, तर कारण दुसरीकडे शोधायचं, आणि झाड तोवर उभं राहू द्यायचं.