हिमवाहने, पट्टाचालित : पुनःस्थापनातील रंगलेपन

बर्फावर चालणाऱ्या जुन्या पट्टाचालित वाहनांची पुनःस्थापना करताना त्यांच्या धातूच्या व लाकडी भागांवर रंग आणि संरक्षक लेप देण्याची प्रक्रिया. जुना लेप ओळखणे, तो कोठे राखायचा व कोठे खरवडायचा हे ठरविणे, अस्तर (प्रायमर) व बाह्य रंग देणे आणि पोकळ भागांत मेण सोडणे ही कामे तीत येतात. कॅनडातील बोंबार्डिये कंपनीची बी-१२, दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्कराचे एम-२९ वीझल आणि ऑरेगन राज्यातील मेडफर्ड येथील टकर कंपनीची स्नो-कॅट ही अशा वाहनांची परिचित उदाहरणे होत.

या विषयातील सर्वांत मोठा वाद मूळ रंगाचा आहे. व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रकुल मोहिमेने २ मार्च १९५८ रोजी अंटार्क्टिका खंड आरपार ओलांडला, तेव्हा तिच्या स्नो-कॅट नारिंगी होत्या. त्यांतील एक न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात आहे. या मोहिमेच्या छायाचित्रांमुळे नारिंगी म्हणजेच स्नो-कॅटचा रंग असा समज रुजला असावा. पांढऱ्या परिसरात वाहन दुरून दिसावे यासाठी हा रंग आला, असे एक मत आहे. तर वीज व दूरध्वनी कंपन्या, वनखाती, लष्कर असे ग्राहक आपापल्या ताफ्याचा रंग मागून घेत, यावर दुसऱ्या मताचा भर आहे. लष्करी वीझल मुळात ऑलिव्ह छटेचे असत, यावरून निदान त्या वाहनाच्या बाबतीत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. काहीही असले तरी, समोरच्या वाहनावरचे थर हा सामान्य नियमापेक्षा भक्कम पुरावा होय.

हे थर पाहण्यासाठी बारीक काचकागदाने एक उथळ खळगा घासतात. त्याच्या कडेने धातू, अस्तर, पहिला रंग, नंतरचे रंग अशी वलये दिसतात. उघड्या भागावरील छटेवर विसंबता येत नाही. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित करतो. त्यामुळे कडांच्या खालच्या बाजूलाही अतिनील किरण पोहोचतात आणि रंग खडूसारखा भुकटतो. म्हणून क्रमांकपट्टीखालचा किंवा आसनामागचा रंग प्रमाण मानण्याची प्रथा आहे. तथापि तीही निर्दोष नाही. जवसाच्या तेलावर आधारलेली अल्किड एनॅमले अंधारात पिवळी पडतात आणि उजेडात ठेवल्यावर त्यांतील काही पिवळेपणा जातो. त्यामुळे झाकलेला नमुना काही काळ उजेडात ठेवून मगच छटा जुळविणे श्रेयस्कर.

विसाव्या शतकाच्या मध्यातील नारिंगी रंगांत मॉलिब्डेट ऑरेंज हे रंगद्रव्य बरेच वापरले जाई. त्यात शिसे व षट्संयुजी क्रोमियम हे विषारी घटक असतात. अस्तरात शेंदूर (शिशाचे लाल ऑक्साइड) किंवा झिंक क्रोमेट असण्याचाही संभव असतो. असे थर कोरडे घासू नयेत. ओले घासून धूळ दाबावी व योग्य श्वसनयंत्र वापरावे. शिसेविरहित नारिंगी रंगद्रव्यांची झाकणशक्ती बहुधा कमी असते. त्यामुळे पांढरा किंवा फिकट मधला थर न दिल्यास करड्या अस्तरावर नवा रंग मळकट दिसतो.

ॲल्युमिनियम व पोलाद जेथे भेटतात तो सांधा या वाहनांचा सर्वांत दुबळा भाग. ॲल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. २०° से. पासून उणे ४०° से. पर्यंत तापमान उतरले, तर एक मीटर लांबीत दोहोंच्या आकुंचनात सुमारे ०.७ मिमी. फरक पडतो. सांध्यावरून सलग ओढलेला कडक रंग तेथे तडकतो, फटीत खारे पाणी शिरते आणि विद्युत् रासायनिक घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते. मग केवळ ॲल्युमिनियमच रंगवावे असे सहज वाटते, पण ते घातक आहे : मोठे उघडे पोलाद शेजारी असताना लेपातील टाचणीएवढ्या छिद्रात सारी झीज एकवटते व पत्रा आरपार कुरतडला जातो. म्हणून पोलादही पूर्ण झाकावे, दोहोंमध्ये लवचिक सीलंट भरावे आणि रिव्हेट त्यातच ओले बसवावेत.

पोलादावर आज साधारणतः इपॉक्सी अस्तर व त्यावर दोन घटकी पॉलियुरेथेन देतात. इपॉक्सी उन्हात भुकटते, म्हणून ती उघडी ठेवीत नाहीत. रंगवताना धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३° से. अधिक असावे, थंड कार्यशाळेत हीच अट सर्वाधिक मोडली जाते. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेटांमुळे दमा जडू शकतो. फवारताना बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा वापरावा. खड्डे बुजविण्याची लांबी (पुट्टी) जाड दिल्यास थरथरणाऱ्या पत्र्यावर, विशेषतः कडाक्याच्या थंडीत, टिकत नाही. पत्रा ठोकून सरळ करणेच योग्य. भुकटी लेपन (पावडर कोटिंग) टणक व देखणे असते, परंतु ते पेटीसारख्या पोकळ भागांच्या आत नीट पोहोचत नाही. तेथे गंजरोधक मेणच उपयोगी पडते आणि पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी राखावी लागतात. स्प्रिंगांचा गंज आम्लाने काढू नये. हायड्रोजन शोषला जाऊन कठीण पोलाद ठिसूळ होते.

बी-१२ चे मूळ प्लायवुडचे शरीर वेगळ्या उपचाराची अपेक्षा करते : फळ्यांच्या कापलेल्या कडा आधी मुरवून बंद कराव्या लागतात, कारण पाणी तेथूनच थरांत शिरते.

सर्व जुना लेप काढून वाहन नव्यासारखे करण्याची पद्धत लोकप्रिय असली, तरी ऐतिहासिक वाहनांविषयीच्या ट्युरिन सनदेचा कल मूळ द्रव्य राखण्याकडे आहे. निदान दाराच्या आतील बाजूस जुन्या थरांचा एक तुकडा पारदर्शक लेपाखाली ठेवावा. तो एकदा घासून गेला की वाहनाचा रंगेतिहास पुन्हा तपासता येत नाही.

रबरी पट्टे रंगवीत नाहीत. रंगातील द्रावकाने रबर फुगते. वंगण-निपल व विद्युत् भूजोडाच्या (अर्थिंगच्या) जागा फवारणीपूर्वी झाकतात.